कम्म, कर्मविपाक आणि आपले रोजचे आचरण

विहारातील पालीच्या वर्गात मागील वर्षावासात एका उपासिकेने आम्हांस एक प्रश्न विचारला. तिचा धाकटा मुलगा जन्मतः बहिरा आहे. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवीत उद्गार काढले की, हे गेल्या जन्मीचे भोग आहेत, ते भोगूनच संपायचे. हे गृहस्थ धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले. त्यांच्याकडे तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी लावलेली आहे. उपासिका म्हणाली, "सर, बाबासाहेबांनी हे सारे सोडायला सांगितले ना? मग आपल्याच ग्रंथांत कम्माचे फळ मिळते असे का लिहिले आहे? माझ्या लेकराने असे काय केले असेल?"

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर ग्रांथिक होते. चेतना, कम्म, विपाक या शब्दांच्या व्याख्या आम्ही सांगितल्या. तिने त्या वहीत उतरवून घेतल्या आणि ती घरी गेली. तिचा शेवटचा प्रश्न मात्र तसाच राहिला, याची जाणीव आम्हांस नंतर झाली. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बुद्धाचा कम्मसिद्धान्त हा आपल्या कृतीविषयी आपणच आपल्याला विचारावयाचा प्रश्न आहे; दुसऱ्याच्या दुःखावर द्यावयाचा तो निवाडा नव्हे. प्रथम ग्रंथांचा आधार पाहू, नंतर पुण्यातील बुधवार पेठेची दोन उदाहरणे घेऊ. पुस्तकांच्या निमित्ताने अप्पा बळवंत चौकात आमचे नेहमी जाणे-येणे असते, आणि कम्माचे हे दोन्ही अर्थ त्या एकाच पेठेत पाहावयास मिळतात.

शब्द एक, अर्थ दोन

मराठी माणूस कपाळावर हात मारून 'कर्म माझं!' म्हणतो. 'कर्माचे भोग', 'कर्माची गती' हे शब्दप्रयोग घरोघरी ऐकू येतात. या सर्वांत कर्म म्हणजे पूर्वी कधीतरी घडून गेलेली, आज कोणालाही न दिसणारी गोष्ट आहे. करण्यासारखे काही उरलेले नाही, फक्त सोसणे उरले आहे, असा त्यांचा भाव असतो. म्हणजे 'कर्म' हा मूळचा करण्याचा शब्द आपल्या भाषेत नशिबाचा शब्द होऊन बसला आहे.

पालीतील 'कम्म' हाही 'करणे' या अर्थाच्या धातूपासूनच आलेला आहे. परंतु तथागतांनी त्याला निश्चित अर्थ दिला. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात ते चेतनेलाच कम्म म्हणतात. मनात हेतू उत्पन्न होतो आणि मग माणूस काया, वाचा व मन या तीन द्वारांनी कृती करतो. हेतू नसेल तर ती क्रिया असेल, पण नैतिक अर्थाने कम्म नव्हे. डॉक्टर शस्त्राने पोट फाडतो आणि मारेकरीही फाडतो. क्रिया सारखी दिसली तरी चेतना भिन्न आहे, म्हणून कम्म भिन्न आहे. यज्ञातील विधी अचूक पार पडला की फळ मिळते, ही वैदिक कल्पना येथे संपूर्णपणे उलटविण्यात आली आहे.

सर्व काही पूर्वकर्माचे फळ नव्हे

आपल्याकडे अनेकांची समजूत अशी की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे होते, असे बुद्धाने सांगितले. वास्तविक तथागतांनी हे मत स्पष्टपणे नाकारले आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात ते तीन मतांचे परीक्षण करतात: सर्व काही पूर्वकर्मामुळे घडते हे एक, सर्व काही ईश्वराच्या इच्छेने घडते हे दुसरे, आणि कोणतेही कारण नसताना घडते हे तिसरे. तिन्ही मतांवर त्यांचा आक्षेप एकच आहे. ही मते मानली तर 'हे करावे, हे करू नये' या विचाराला आणि प्रयत्नाला जागाच उरत नाही. खून करणाराही म्हणू शकेल की पूर्वकर्माने मला खुनी केले.

संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न विचारला आहे. तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुबदल, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कम्माचा विपाक. आठांपैकी कम्म हे एक कारण आहे. पुढे बुद्धघोषाच्या काळातील अट्ठकथांत पाच नियमांची मांडणी आढळते. ऋतूंचा नियम, बीजांचा नियम, कम्माचा नियम, चित्ताचा नियम आणि धम्मतेचा नियम असे ते पाच होत. भूकंप, दुष्काळ, साथीचे रोग, आनुवंशिक व्यंग यांना कम्माच्या खात्यावर टाकण्याचे कारण नाही, हे या मांडणीवरून सहज ध्यानी येते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्तात सुभ नावाच्या ब्राह्मण तरुणाला सांगितले आहे की, हिंसा करणारा पुढे अल्पायुषी होतो, क्रोध करणारा कुरूप होतो, कंजूष दरिद्री होतो. थेरीगाथेच्या आणि धम्मपदाच्या अट्ठकथांत तर अंधत्व, दारिद्र्य यांची कारणे पूर्वजन्मीच्या कथांतून सांगण्याची पद्धतच पडलेली दिसते. ही वचने आहेत. ती नाहीत असे म्हणून चालणार नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी ही अडचण टाळली नाही. १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर, प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी कर्म आणि पुनर्जन्म यांचा समावेश सोडविण्याजोग्या प्रश्नांत केला. पूर्वजन्मीच्या कर्माने माणसाची आजची स्थिती ठरते, हे मत मानले तर गरिबांच्या व दलितांच्या दुःस्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता येते. महाकारुणिक बुद्धाने असे मत मांडले असणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कम्म हे जगातील नैतिक व्यवस्था चालविणारे साधन आहे, असा अर्थ त्यांनी ग्राह्य मानला.

श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथील अनेक भिक्खू व पंडित पुनर्जन्माविषयी बाबासाहेबांशी सहमत होणार नाहीत. हा मतभेद लपविण्याचे कारण नाही. परंतु एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांना एकत्र यावेच लागते. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात ज्या चार गोष्टींचा तर्क करीत बसू नये असे सांगितले आहे, त्यांत कम्माचा विपाक ही एक आहे. चूळकम्मविभंगाला लागूनच असलेल्या महाकम्मविभंग सुत्तातही, एखादे उदाहरण पाहून घाईने सर्वसाधारण निष्कर्ष काढणाऱ्यांना सावध केले आहे. म्हणजे पुनर्जन्म मानणाऱ्यालाही एखाद्या बहिऱ्या मुलाकडे बोट दाखवून 'हे अमुक कर्माचे फळ' असे म्हणण्याचा अधिकार पालि ग्रंथ देत नाहीत.

बुधवार पेठेतील एक वाडा

आता बुधवार पेठेकडे वळू. अप्पा बळवंत चौकातून शिवाजी रस्त्यावर आले की, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर एक जागा आहे. तेथे तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी त्या वाड्यात मुलींची शाळा काढली. मुलीने शिकू नये, शूद्रातिशूद्राने शिकू नये, कारण ज्याचा जन्म ज्या ठिकाणी झाला ते त्याचे पूर्वकर्म, ही समजूत तेव्हा शास्त्राच्या आधाराने सांगितली जात असे. सावित्रीबाई शाळेकडे जाऊ लागल्या की लोक त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकीत. त्या शाळेत पोचल्यावर नेसण्यासाठी दुसरे लुगडे बरोबर नेत, असे त्यांची चरित्रे सांगतात.

फुले दांपत्य बौद्ध नव्हते आणि त्यांना आपण तसे ठरवूही नये. मात्र बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले, याचे एक कारण येथे दिसते. कम्म म्हणजे विचारपूर्वक केलेली कृती हा अर्थ घेतला, तर दुसरे लुगडे पिशवीत घालून घराबाहेर पडणारी तरुण शिक्षिका हे त्याचे अत्यंत स्पष्ट उदाहरण आहे. काय सोसावे लागणार हे ठाऊक होते आणि तरी पाऊल उचलले गेले. शेण फेकणाऱ्यांचेही ते कम्मच होते.

या कम्माचा विपाक कोणाला मिळाला? बाबासाहेबांचा विचार येथे उपयोगी पडतो. कृतीचे फळ करणाऱ्यापुरते मर्यादित राहत नाही, ते समाजाच्या नैतिक व्यवस्थेत उतरते, कधी लगेच, कधी फार उशिरा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मातंग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि त्यांना माणूसपण नाकारणाऱ्या धर्माला जाब विचारला. शाळा उघडल्यापासून अवघ्या सात वर्षांत, जिच्या जातीला अक्षराची बंदी होती अशी मुलगी छापील पानावर बोलू लागली. भिडेवाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. वाड्याच्या जीर्ण भिंती गेल्या. संखार अनित्य आहेत. तेथे घडलेल्या कम्माचा विपाक मात्र आज पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीपर्यंत पोचलेला आहे.

सावित्रीबाईंचा मृत्यू १० मार्च १८९७ रोजी प्लेगने झाला. रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला. त्या काळी प्लेग हे पापाचे फळ मानणारे लोक थोडे नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता आणि उंदरांवरील पिसवांमुळे रोग पसरतो हे १८९८ साली दाखविण्यात आले. सावित्रीबाईंचे आजारपण हा जंतूचा आणि पिसवांचा विषय आहे, म्हणजे मोळियसीवकाला सांगितलेल्या यादीतील अन्य कारणांचा विषय आहे. साथ पसरलेली असताना पळून न जाता रुग्णाजवळ जाणे हा कम्माचा विषय आहे. या दोहोंची गल्लत केली, तर सेवेत मरण पावलेल्या व्यक्तीला आपण पापी ठरवून बसू.

त्याच पेठेतील दुसऱ्या गल्ल्या

भिडेवाड्यापासून थोडे चालले की देहविक्रयावर जगणाऱ्या स्त्रियांची वस्ती लागते. पुस्तके घेऊन परतणारे सभ्य लोक मान खाली घालून किंवा वाट वाकडी करून जातात. आम्हीही अनेक वर्षे तसेच केले. त्यांच्याविषयी बोलताना 'त्यांचे कर्म' हे दोन शब्द फार सहज तोंडात येतात. यांतील अनेक स्त्रिया दारिद्र्याने, फसवणुकीने, विक्रीने किंवा देवाला सोडल्याच्या रूढीने येथे आल्या, हे जगजाहीर आहे. तरी विचार विकल्या गेलेल्या स्त्रीच्या कर्माचा होतो.

तथागतांचा दृष्टिकोन कोणता? अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यांतील दुसऱ्याला 'सत्तवणिज्जा' म्हटले असून अट्ठकथेने त्याचा अर्थ मनुष्यविक्रय असा दिला आहे. म्हणजे येथे प्रश्न विचारला गेला तो विकणाऱ्याला. आपण त्यात विकत घेणाऱ्याचीही भर घालू, कारण गिऱ्हाइकाशिवाय व्यापार चालत नाही. या गल्लीतील अकुशल कम्म शोधावयाचे तर ते दलालाच्या हिशेबात, गिऱ्हाइकाच्या खिशात आणि मुलीला विकून मोकळ्या झालेल्या आप्तांच्या व्यवहारात शोधावे लागेल.

वैशालीची गणिका आम्रपाली हिची कथा आपल्या परिचयाची आहे. महापरिनिब्बान सुत्तात तिने तथागतांना भोजनाचे निमंत्रण दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. लिच्छवींनी तो मान तिच्याकडून विकत मागितला. तिने तो दिला नाही. तथागतांनी शब्द बदलला नाही. तू गणिका कोणत्या कर्माने झालीस, हा प्रश्न त्या सुत्तात कोठेही नाही. ती दान देते आणि धम्म ऐकते, तिच्या त्या क्षणीच्या कृतीकडे पाहिले जाते. अनेक शतकांनी लिहिलेल्या थेरीगाथेच्या अट्ठकथेत मात्र, तिने पूर्वजन्मी एका भिक्खुणीला अपशब्द वापरल्यामुळे तिला गणिका व्हावे लागले, अशी कथा आली आहे. सुत्त आणि अट्ठकथा शेजारी ठेवून वाचली की, जिवंत माणसाकडे पाहणारी दृष्टी मागे पडून निवाडा देणारी दृष्टी कशी पुढे आली, हे वाचकांना आपोआप कळेल.

जून १९३६ मध्ये मुंबईत परळ येथे बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्या सभेत भाषण केले. हे जीवन सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्या शब्दांत कठोरपणा होता. परंतु ज्याची गती पूर्वकर्माने ठरलेली आहे त्याला कोणी 'सोडा' असे सांगत नाही. माणूस बदलू शकतो, ही श्रद्धा त्या आवाहनाच्या मुळाशी आहे, आणि कम्मसिद्धान्ताचे सारही तेच आहे.

राहुलाला दिलेला आरसा

मग रोजच्या जीवनात कम्माचा विचार कसा करावा? मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आम्ही प्रत्येक घरी वाचले जावे असे म्हणू. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे म्हणून जे सात धम्मोपदेश नावानिशी नोंदले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे.

तथागत राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो, पाहण्यासाठी. त्याप्रमाणे काया, वाचा आणि मन यांनी केलेली प्रत्येक कृती पुनः पुनः पाहून करावी, असा उपदेश मिळतो. पाहण्याच्या वेळा तीन आहेत: करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. प्रश्न एकच आहे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? होणार असेल तर करू नये, करीत असल्यास थांबावे. करून झाले असेल तर ते गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा. पीडा होत नसेल तर त्या समाधानात राहून शिकत राहावे.

हा आरसा व्यवहारात कसा चालतो ते पाहा. दुकानदार गिऱ्हाइकाला माल दाखवीत असतो. त्यातील दोष सांगावा की लपवावा, हा क्षण 'करण्यापूर्वी'चा आहे. सासू सुनेला बोलत असते आणि मध्येच तिला आपला आवाज चढल्याचे जाणवते. हा क्षण 'करीत असताना'चा आहे. सरकारी कचेरीतील आपला धम्मबांधव संध्याकाळी घरी येतो आणि त्याला आठवते की, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला आपण एका सहीसाठी विनाकारण उद्या या म्हणून परत पाठविले. हा क्षण 'केल्यानंतर'चा आहे. उद्या कचेरी उघडताच त्याचा कागद प्रथम काढणे हे त्याचे पुढचे कम्म. पंचशीलाचे ग्रहण आपण मुखाने करतो; त्याचे पालन या तीन क्षणांत होते.

मीठ आणि पाणी

कोणी विचारील, आमच्या हातून यापूर्वी जे अकुशल घडले त्याचे काय? अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात मिठाच्या खड्याचा दृष्टान्त आहे. मिठाचा खडा लहान भांड्यातील पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही. तोच गंगेत टाकला तर चवही कळत नाही. त्याचप्रमाणे ज्याने शील, चित्त आणि प्रज्ञा यांचा विकास केलेला नाही त्याला लहानशी चूकही फार भोवते, आणि ज्याने तो केला आहे त्याला तीच चूक फारशी ग्रासत नाही.

पूजा करून, उपास करून किंवा कोणाला दक्षिणा देऊन मीठ बाहेर काढता येत नाही. घडलेले घडले. परंतु पाणी वाढविणे आपल्या हाती आहे. आमटीत मीठ जास्त पडले तर आपली आई तेच करीत असे. मैत्री, करुणा, दान, सत्यवचन, ध्यान यांनी चित्त विशाल करीत जाणे म्हणजे पाणी वाढविणे. चित्ताची हीच वाढ आध्यात्मिक उन्नती या शब्दाने अभिप्रेत आहे. तिच्यात कोणतीही गूढता नाही. अंगुलिमालाने अनेकांचे प्राण घेतले होते. पुढे भिक्षेसाठी फिरताना त्याच्यावर दगड पडत आणि तो ते शांतपणे सोशी. त्याचा भूतकाळ बदलला नव्हता, माणूस बदलला होता.

त्या उपासिकेला

आता आपण पुन्हा त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येऊ. "माझ्या लेकराने असे काय केले असेल?" ताई, काहीही नाही. त्याचे बहिरेपण हा शरीराचा विषय आहे. त्यासाठी कानांची तपासणी, यंत्र, खुणांची भाषा आणि मूकबधिरांची शाळा हे उपाय आहेत. ते शोधणे हे आपले कम्म आहे. त्या दिवशी आपल्या घरात जर कोणाच्या कम्माचा प्रश्न असेलच, तर तो त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या वाणीचा होता. बोलण्यापूर्वी त्यांनी राहुलाच्या आरशात क्षणभर पाहिले असते, तर एका आईच्या मनाला ती पीडा झाली नसती.

ते गृहस्थ पुन्हा घरी आले तर त्यांचा अपमान करू नये. त्यांनी ऐकलेले तेच ते बोलले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यालाच उद्देशून बोलले गेलेले शब्द ते नकळत नातवावर उच्चारीत होते. त्यांना चहा द्यावा, शेजारी बसवावे आणि मुलाने नव्याने शिकलेल्या दोन खुणा त्यांना शिकवाव्यात.